खोडलेले ठिपके

इंजिनातल्या चौथ्या दांड्याची कॅप सुटून हातात आली तेव्हा त्यानं ती पाहिली नाही, आधी चाचपली. डोळ्यांवर त्याचा कधीच फारसा भरवसा नव्हता, आणि चौसष्टाव्या वर्षी तर डोळे म्हणजे उसनवारीचा मामला. अंगठा मात्र अजून खोटं बोलत नाही. वर्षानुवर्षं जळून घट्ट झालेलं ऑइल त्यानं फडक्यानं पुसलं, कॅपच्या कडेवरून अंगठा हळूच फिरवला, आणि अंगठा अडखळला. तिथं चार ठिपके लागायला हवे होते. टोकदार लोखंडी पंचावर हातोडीचे चार ठोके घालून उठवलेले, एका ओळीत, मुंग्या निघाल्यासारखे. त्यानं स्वतः मारलेले. लागला तो एकच ठिपका, आणि त्याच्यावरून छिन्नीची एक आडवी चीर. चिरेच्या पलीकडे चार ठिपके होते खरे, पण ओळीत नव्हते. फाशावर असतात तसे होते, दोन वर, दोन खाली. तो मागच्या स्टुलावर बसला. गॅरेजमधली बाकीची मंडळी जेवायला गेली होती, भिंतीवरचा पंखा नुसताच मान हलवत होता. त्यानं कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, कॅप उजेडाकडे धरली आणि अंगठ्यानं सांगितलेलं डोळ्यांनी पुन्हा वाचून घेतलं. अंगठा बरोबर होता. ते फाशासारखे ठिपके साऱ्या गावात एकच माणूस मारायचा. ओळीत मारलेले ठिपके घाईत मोजायला चुकतात, फाशावरचे एका नजरेत कळतात, असं त्याचं म्हणणं. तो माणूस म्हणजे दाजी, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान.

हे इंजिन आपल्याला कधीतरी पुन्हा भेटणार, ही भीती त्यानं एकेचाळीस वर्षं पोटात बाळगली होती. तीन आठवड्यांपूर्वी, ही गाडी ज्यांची त्या डॉक्टरांची थोरली मुलगी, आता स्वतःच दातांची डॉक्टर आणि पन्नाशीला टेकलेली, त्याच्याकडे आली आणि म्हणाली की बाबा गेल्यापासून गाडी शेडमध्ये उभी आहे, मला ती पुन्हा रस्त्यावर बघायची आहे. शेडचं दार उघडलं. धुळीखाली तो गडद हिरवा रंग, ते घारे दिवे. वरकरणी तो एवढंच म्हणाला की इंजिन मी स्वतः उघडणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गॅरेजमधल्या मंडळींना वाटलं, म्हाताऱ्याचा जुन्या गाड्यांवर भारी जीव. जीव कसला. चोरानं आपल्या पावलांचे ठसे पुसायला परत यावं, तसा तो त्या इंजिनाकडे आला होता. आपलं पाप आपल्याच हातानं, कुणी बघत नसताना उचलावं आणि निमूट दुरुस्त करून टाकावं, इतकाच बेत होता. आणि आता पाहतो तर पाप जागेवरच नाही.

त्या पापाची गोष्ट तशी छोटी. इंजिनात चार पिस्टन, प्रत्येकाला एक दांडा. दांडा खाली फिरणाऱ्या क्रँकला जिथं मिठी मारतो तिथं मिठीचा अर्धा भाग दोन नटांवर वेगळा निघतो, तीच कॅप. चार कॅपा दिसायला सख्ख्या बहिणी, पण कारखान्यात प्रत्येकीला तिच्या दांड्यासकट कातलेलं असतं, त्यामुळे एक दुसरीच्या घरी नांदू शकत नाही. नांदवलीच तर लगेच काही होत नाही, हीच मेख आहे. गाडी सुरू होते, गावात मजेत फिरते. मग कधीतरी लांबच्या चढावर बेअरिंग तापतं, वितळतं, आणि दांडा ब्लॉक फोडून बाहेर येतो. मागे दरी असली तर पुढचं बोलायलाच नको. म्हणून खोलायच्या आधी दांड्यावर आणि कॅपवर, जोडीनं, सारखे ठिपके मारायचे: एक, दोन, तीन, चार. हे पहिल्याच महिन्यात शिकवतात. आणि त्यानं तेविसाव्या वर्षी, दाजींच्या गॅरेजात सहा वर्षं मुरल्यावर, दांड्यांवर आधी मारले आणि कॅपांवर खोलल्यानंतर. नट गंजलेले होते, एक कसाबसा सुटला तेव्हा चेव आला, भराभर सगळे सोडवले आणि म्हटलं, मारू नंतर, कॅपा ओळीनं तर ठेवल्यात. चहा पिऊन आला तर टेबलाच्या या बाजूला कुणीतरी गिअरबॉक्स आणून टाकलेला. त्यानं स्टूल उचललं, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला नेलं, बसला, आणि डावीकडून उजवीकडे ठोके घातले. एक, दोन, तीन, चार. टेबलाची बाजू बदलली की डावं उजवं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला त्या दिवशी कळलं नाही. एकची कॅप चार झाली, दोनची तीन, आणि त्या खोट्या ठिपक्यांवर भरवसा ठेवून त्यानं इंजिन छान जुळवून टाकलं.

शनिवारी संध्याकाळी डॉक्टर गाडी न्यायला आले. द्यायच्या आधी दाजींनी हँडल लावून इंजिन एकदा हातानं फिरवलं. अर्ध्यात थांबले. हात तसाच हँडलवर, मान किंचित कलती. पुन्हा फिरवलं. "जरा घट्ट आहे," म्हणाले. "नवी बेअरिंगं आहेत दाजी, बसतील," तो म्हणाला. "हं," दाजी म्हणाले आणि हँडल काढून डिकीत ठेवलं. एवढंच बोलणं झालं. आणि रविवारी सकाळी, आंघोळ करताना, डोक्यावर पाणी ओतायला उचललेला तांब्या त्याच्या हातातच राहिला. खिडकी. कॅपा काढल्या तेव्हा गॅरेजची खिडकी उजव्या हाताला होती. ठिपके मारताना ऊन डाव्या गालावर लागत होतं. अंगावरचा साबण वाळत चालला आणि तो उभाच. सोमवारी पहाटे डॉक्टर बायको आणि दोन मुलींना घेऊन डोंगरापलीकडे जाणार होते, सगळा रस्ता चढाचा. त्यानं फक्त टॉवेल गुंडाळून बाहेरच्या खोलीत जायचं होतं आणि म्हणायचं होतं, दाजी, माझ्या हातून घोळ झालाय. पण त्याच दिवशी दुपारी एका मुलीचे वडील त्याला बघायला यायचे होते. आई-वडील गेल्यावर ताईनं त्याला आपल्या घरी आणून वाढवलं, हाताला काम दिलं ते दाजींनी. तिनं आठवडाभर घर पुसून काढलं होतं, दाजींसाठी पांढरा शर्ट स्वतः शिवला होता. अशा दिवशी तोंड उघडायचं? तो कपडे करून बाहेर आला तेव्हा दाजी घरात नव्हतेच. "आत्ताच बाहेर पडले, तासाभरात येतो म्हणाले," ताई म्हणाली. आणि त्याला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून त्याच्या अंगावरून उतरलेली नाही.

दाजी तासाभरात आले नाहीत. मुलीचे वडील आले, बसले, दोनदा चहा झाला, आणि घरातलं मोठं माणूस कुठे दिसत नाही, असं त्यांनी तीनदा विचारलं. ताई तीनदा "येतीलच" म्हणाली आणि दर खेपेला तिचा आवाज थोडा बारीक झाला. दाजी उगवले ते दिवेलागणीला, बनियनवर. नवा शर्ट अंगावर नाही.

"शर्ट कुठाय?" ताईनं विचारलं.

"हरलो."

"काय हरलात?"

"पत्त्यांत. जुने मित्र भेटले, बसलो. वेळेचं भान राहिलं नाही."

ताई अकरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही. बाराव्या दिवशी बोलली ती टोमणाच बोलली, आणि तो टोमणा तेव्हापासून घरात जेवणापाण्यासारखा आहे. किल्ली सापडत नाही, शर्ट हरणारा माणूस. गॅसचा नंबर लावायला विसरले, बसले असतील पत्ते कुटत. तिच्या वाक्याचा दुसरा अर्धा भागही ठरलेला: नाहीतर माझा भाऊ बघा, उभ्या आयुष्यात एक काम चुकवलं नाही. लग्न त्याच मुलीशी झालं, चांगलं झालं, तिचे वडील पुढे दाजींचे दोस्तच बनले. पण त्याच्या मनात मात्र एक खडा राहून गेला. ज्या माणसानं हात धरून काम शिकवलं त्यानं आपल्या आयुष्यातल्या एवढ्या दिवशी पत्त्यांचा डाव मोडू नये? लग्नात पाया पडताना तो वाकला, पण मान थोडी ताठच ठेवून. कुणाच्या लक्षात आलं नसेल. त्याच्या लक्षात आहे.

आणि डॉक्टर? गुरुवारी परत आले, बिस्किटांचा डबा घेऊन. एवढ्या चढावर गाडीनं हूं की चूं केलं नाही म्हणाले. त्यानं एक बिस्किट घेतलं आणि हातातच धरून ठेवलं. चार दिवस झोप नव्हती, रस्त्यावर रुग्णवाहिकेची घंटा वाजली तरी तो दाराशी धावायचा. म्हणजे नुसतं नशीब. चुकीलासुद्धा नशीब लागतं, असा एक कडवट धडा त्यानं त्या दिवशी घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन टेबलाच्या एका कडेला पांढऱ्या रंगाची जाड रेघ मारली. काम करायचं ते रेघेच्या बाजूनंच. पुढे स्वतःचं गॅरेज काढलं तिथल्या टेबलावरही पहिल्याच दिवशी रेघ आली. मंडळी त्याला मागून एकबाजू म्हणतात, त्याला ठाऊक आहे. गॅरेज काढलं तेव्हा दाजींनी आपली निम्मी गिऱ्हाइकं त्याच्याकडे वळवली आणि प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं: या माझ्या मेव्हण्याच्या हातचं इंजिन मला पुन्हा उघडावं लागलेलं नाही. त्या वाक्यावर त्याचा संसार उभा राहिला. त्या वाक्याची त्याला भीतीही वाटायची, कारण ते नशिबानं खरं ठरलंय हे फक्त त्यालाच माहीत होतं, असं तो समजत होता. आता स्टुलावरून उठून त्यानं उरलेल्या तीन कॅपा एकामागून एक काढल्या. घाई केली नाही. तिसरीवर दोन ठिपके खोडून तीन, दुसरीवर तीन खोडून दोन, पहिलीवर त्याचे चार ठिपके, मुंग्यांची ती ओळ, त्यावरून चीर, आणि शेजारी एकच, खोल, शांत ठोका. चारही कॅपा आपापल्या घरी नांदत होत्या. एकेचाळीस वर्षं नांदत होत्या. हरलो, असं दाजी म्हणाले होते.

त्याच वेळी दातांची डॉक्टर आली. रोज दुपारी पाच मिनिटं डोकावायची तिला सवयच लागली होती. "काय म्हणतोय आमचा म्हातारा? दात शिल्लक आहेत का काही?" तिनं इंजिनाकडे बोट दाखवून विचारलं. नेहमी तो हसायचा. आज म्हणाला, "मॅडम, तुम्ही लहान असताना डोंगरापलीकडे गेला होता, आठवतं? त्याच्या आदल्या दिवशी कुणी गाडीपाशी आलं होतं का?" तिनं डोळे बारीक केले आणि मग तिचा सगळा चेहराच सात वर्षांचा झाला. "बूट," ती म्हणाली. "गाडीखालून दोन बूट बाहेर आलेले होते. इतके चकचकीत पॉलिश केलेले की मला हसू येत होतं, मेकॅनिकचे बूट कधी असे असतात का? मी पायरीवर बसून सारखी तेच बघत होते. बाबा म्हणाले, लांब जायचंय म्हणून काका एकदा तपासून देतायत. दिवसभर तपासत होते. आईनं जेवायला बोलावलं तर आतूनच म्हणाले, घरी पाहुणे यायचेत, त्यांच्याबरोबर बसेन." ती थोडी थांबली. "दुसऱ्या दिवशी चढावर आम्ही दोघी बहिणी मागच्या सीटवर गाणी म्हणत होतो. आईनं ओरडून गप्प केलं तरी म्हणत होतो. का हो, काय झालं?" त्या दोन मुलींचे चेहरे त्यानं एकेचाळीस वर्षांत कितीदा डोळ्यांसमोर आणले होते, पण गाणी म्हणताना एकदाही नाही. हात धुऊन येतो म्हणून तो मोरीकडे गेला आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "ही एक कॅप संध्याकाळपर्यंत घेऊन जाऊ का? ज्याची आहे त्याला दाखवायचीय." "सध्या इंजिन तुमचंच आहे," ती म्हणाली.

ताईचं घर चार गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना त्याला उमगत गेलं की आपण नुसते आभार मानायला निघालेलो नाही. आभार काय, दाजींचा हात हातात घेऊन कोपऱ्यात मानता आले असते. पण दाजींना मोकळं करायचं तर ताईसमोर बोलावं लागणार, आणि ताईसमोर बोलायचं म्हणजे उभ्या आयुष्यात एक काम न चुकवणारा तिचा भाऊ तिच्याकडून काढून घ्यायचा. त्याला लेकरासारखं वाढवणाऱ्या बाईकडून. आता शहात्तर वर्षांची आहे, तिच्याजवळ अभिमान धरायला फार गोष्टी उरलेल्या नाहीत. दाजींनी त्या संध्याकाळी हेच मोजलं असणार. ताईच्या पोटात तीळ भिजत नाही. तिला सांगितलं असतं तर मुलीच्या वडिलांपर्यंत पोचलं असतं आणि दाजींना सगळं कळलंय, हे त्यालाही समजलंच असतं. मग या भल्या माणसानं स्वतःचं नाव पुढे केलं, पत्त्यांपायी शर्ट घालवणारा म्हणून. एकाच्या अंगावरचा डाग दुसऱ्यानं आपल्या अंगावर घ्यावा आणि तो जन्मभर धुऊ नये, असं कुणी आपल्यासाठी केलंय, या जाणिवेनं तो पहिल्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून थांबला. त्याला रडू येत होतं आणि बरं वाटत होतं. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"आलास, बारक्या?" ताईनं दार उघडलं. पोट सुटलं, केस गेले, तरी तो बारक्याच. "बस. यांची काठी शोधतेय सकाळपासून. शर्ट हरणारा माणूस, काठीची काय कथा." दाजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, डोळ्यांत आता उजेड-अंधारापलीकडे फारसं काही शिरत नव्हतं. ताई मटारांचं ताट मांडीवर घेऊन सोलायला बसली. त्यानं खिशातून फडक्यात गुंडाळलेली कॅप काढली आणि दाजींच्या तळहातावर ठेवली. दाजींनी तिचं वजन घेतलं. मग त्यांचा अंगठा कडेवरून फिरला, ठिपक्यावर आला, चिरेवर आला, पलीकडच्या चार ठिपक्यांवर आला आणि तिथंच थांबला.

"डॉक्टरांची," दाजी म्हणाले.

"हो."

"चौथी."

"हो. दाजी, त्या रविवारी तुम्ही..."

"जुनं लोखंड आहे रे. ठेव ते," दाजी म्हणाले आणि ताईच्या दिशेनं मान किंचित वळवून डोकं हलवलं. नको, असं. ते त्याला स्पष्ट दिसलं. इथून परत फिरता आलं असतं. दाजींनी पुन्हा एकदा दार उघडं ठेवलं होतं. पण ताई मटार सोलता सोलता म्हणाली, "कोणता रविवार? यांचा पत्त्यांचा?" आणि मग त्याला थांबता आलं नाही.

"ताई, दाजी त्या दिवशी पत्ते खेळायला गेले नव्हते," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं. गंजलेले नट, गिअरबॉक्स, टेबलाची दुसरी बाजू, आंघोळीच्या वेळची खिडकी. मला कळलं होतं आणि मी मूग गिळून बसलो, हेही सांगितलं. गाडीत दोन मुली होत्या हेही. दाजींना हँडलवर हात ठेवल्याबरोबर कळलं होतं, नवा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून ते डॉक्टरांच्या अंगणात दिवसभर गाडीखाली पडून होते, माझी चूक खोडत. बोलताना त्यानं ताईकडे पाहिलं नाही, तिच्या बोटांकडे पाहिलं. बोटं एका शेंगेवर थांबली होती.

"खरं?" ताईनं नवऱ्याला विचारलं.

"पुसायला फडकं न्यायचं राहिलं," दाजी म्हणाले. "मग शर्ट घेतला. चांगला शिवला होतास, ऑइल पटकन टिपत होता."

तो खुर्चीपाशी खाली बसला, दाजींच्या गुडघ्याशी. "मला तरी सांगायचं होतंत. एकेचाळीस वर्षं मी समजत होतो, नशिबानं वाचलो."

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो," दाजी म्हणाले. "पाच दिवस थांबलो. मग एका सकाळी येऊन पाहतो तर तू टेबलाला रेघ मारलेली. म्हटलं, झालं की. सांगितलं यानं. आणखी काय सांगायचं असतं?"

"आणि गिऱ्हाइकांना सांगत होतात, माझ्या हातचं इंजिन पुन्हा उघडावं लागलं नाही म्हणून."

"रेघ मारल्यावर कुठं लागलं?"

त्यानं कपाळ दाजींच्या गुडघ्यावर टेकलं. या वेळी मान ताठ नव्हती. फार उपकार झाले, असं काहीतरी तो म्हणाला, ते दाजींच्या धोतरातच विरलं. दाजींनी ऑइलनं माखलेला हात त्याच्या टकलावर ठेवला आणि तिथंच राहू दिला. खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, दोघांनीही सवयीनं कान दिला, तिसऱ्या खेपेला ती सुरू झाली. ताईनं मटारांचं ताट मांडीवरून उतरवून जमिनीवर ठेवलं. ती भावाकडे पाहत नव्हती, नवऱ्याकडे पाहत होती, पन्नासहून जास्त वर्षं घरात असलेल्या या माणसाला नीट बघायचं राहूनच गेलं असावं तशी.

"काय हो," ती म्हणाली, "तुम्हाला पत्ते येतात तरी का?"

"नाही," दाजी म्हणाले. "पण आज पहिल्यांदाच विचारलंस."